एअरबॅगचा जुना रिकॉल आत्ता कळला, गणपतीला गाडी न्यावी का?

निगडीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय (सगळे असंच म्हणतात, माहितीये).

तीन वर्षांपूर्वी मी एक सेकंडहँड सेडान घेतली, २०१२ चं मॉडेल, रत्नागिरी पासिंग, एमएच ०८. पहिले मालक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, गाडी अशी जपलेली की मागच्या सीटचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चौथ्या प्रतिसादापासून कंपनीयुद्ध लागतं आणि माझा प्रश्न राहतो बाजूला.

परवा एसी गार करेना म्हणून पहिल्यांदाच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली, एरवी आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजलाच टाकतो. ॲडव्हायझरने जॉबकार्ड बनवताना चासी नंबर टाकला आणि म्हणाला, "सर, यात एक कॅम्पेन ओपन दाखवतंय." मला वाटलं डिस्काउंटची स्कीम असेल. तर म्हणे नाही, एअरबॅगचा रिकॉल आहे, पुढच्या डाव्या सीटच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारा डबा, बदलायचाय, पैसे लागत नाहीत. कधीचा रिकॉल? सात-आठ वर्षांपूर्वीचा! वर मलाच, "तुम्ही आला नाहीत ना सर." अरे बाबा, तेव्हा गाडी माझी नव्हती, मी कुठून येणार?

पार्ट स्टॉकमध्ये नाही. पंधरा दिवस ते तीन आठवडे म्हणतात. गणपती अकरा दिवसांवर. आम्ही दरवर्षी चिपळूणजवळ गावी जातो, मी, बायको, सहा वर्षांचा मुलगा आणि आईबाबा. आई कायम पुढे बसते, कारण मागे बसली की कुंभार्ली घाटात तिला उलटी होते. म्हणजे नेमकी त्याच एअरबॅगसमोर.

बाबा म्हणतात, "तेरा वर्षं चालली ना गाडी, आता अकरा दिवसांत काय आभाळ कोसळणारे? कंपन्यांना पार्ट खपवायचे असतात." फुकट बदलून देतायत त्यात काय खपवणार देव जाणे.

तर गाडी न्यावी का? आणि रिकॉल आला म्हणजे गाडी भंगार समजायची की कंपनी सरळ आहे असं समजायचं?

तात्या_टायर

पहिला! चहा टाकून येतो, धागा पळणार.

कोथरूडचा_कंदील

एसटीने जा. लाल डब्याला एअरबॅग नसते त्यामुळे रिकॉलही नसतो. हलकेच घ्या.

अण्णा_सातारकर

तुमचे वडील बरोबर बोलतात. आम्ही पद्मिनी घेऊन कन्याकुमारीला जाऊन आलो, सात माणसं आणि टपावर वळकट्या. सीटबेल्टसुद्धा नव्हते, एअरबॅग तर सोडाच. हल्ली गाडीत इतकी सेफ्टी घातलीये की त्या सेफ्टीचीच भीती वाटायला लागलीय. बिनधास्त जा, मोरया म्हणा.

नीरजा_७९

अण्णा, जे सुखरूप आले ते सांगायला आहेत, जे नाही आले ते इथे प्रतिसाद देत नाहीत.

कोथरूडचा_कंदील

नीरजाताई __/\__

रसायनी_रहिवासी

धागालेखक, तुमच्या गाडीचा रिकॉल कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण २०१२ ची गाडी, पॅसेंजर साइड, इन्फ्लेटर, एवढ्यावरून हा टाकाटाचा वाटतोय. तसा असेल तर थट्टेवारी नेऊ नका. मी केमिकल इंजिनियर आहे, या प्रकरणावर थोडं वाचलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

टाकाटा ही जपानी कंपनी, १९३३ साली कापड विणण्यापासून सुरुवात, मग सीटबेल्ट, मग एअरबॅग. होंडा, टोयोटा, निस्सान, बीएमडब्ल्यू, फोर्ड अशा डझनावारी कंपन्यांना एअरबॅग तीच पुरवायची. त्यामुळे कुठल्या एका कंपनीची गाडी वाईट असं नाही, आतला माल एकाचाच.

एअरबॅग फुगते ती हवेच्या टाकीतून नाही. स्टीलच्या डब्यात रसायनाच्या वड्या असतात, अपघाताचा सिग्नल आला की ठिणगी पडते, वड्या जळून गॅस होतो आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. पूर्वी यासाठी वेगळी रसायनं वापरायचे. २००० च्या सुमारास टाकाटाने स्वस्त पडतं म्हणून अमोनियम नायट्रेट घेतलं. हेच खतात असतं, आणि २०२० मध्ये बैरूतच्या बंदरात फुटलं ते पण हेच. (घाबरू नका, तिथे २,७५० टन होतं, तुमच्या डॅशबोर्डात मूठभर आहे.)

याचा स्वभाव मिठासारखा. पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं पाझरतं, तसं हे हवेतलं पाणी ओढतं. वर दिवसा गाडी तापते रात्री निवते, रोज, वर्षानुवर्षं. त्या वड्या फुगतात, आकसतात, भेगा पडतात, भुगा होतो. आता लाकडाचा ओंडका पेटवा आणि तेवढाच भुसा पेटवा, फरक कळेल. भुगा झालेली वडी हवी त्यापेक्षा कितीतरी पटीने लवकर जळते, दाब वाढतो आणि गॅस पिशवीत जायच्या ऐवजी तो स्टीलचा डबाच फुटतो. पिशवी फाडून लोखंडाचे तुकडे समोर बसलेल्या माणसाच्या गळ्यात, चेहऱ्यावर. काही केसेसमध्ये अपघात अगदी किरकोळ होता, बंपर चेपण्याइतका, आणि माणूस गेला एअरबॅगने. सुरुवातीला पोलिसांना वाटायचं कोणी भोसकलंय.

ओल शोषायला आत कोरडं करणारं रसायन घातलं असतं तर हे बरंच टळलं असतं. ज्या इन्फ्लेटरमध्ये ते नव्हतं तेच मुख्यतः परत मागवले. आणि तुमची गाडी एमएच ०८. म्हणजे तिने आयुष्याचे पहिले दहा पावसाळे कोकणात काढलेत. मी असतो तर आईला त्या सीटवर अजिबात बसवलं नसतं.

तात्या_टायर

चहा थंड झाला वाचता वाचता.

भुईनळा_भाऊ

रसायनीसाहेब, म्हणजे हे आमच्या दिवाळीसारखं झालं. माळ्यावर राहिलेला गेल्या वर्षीचा भुईनळा, ओल धरलेला, काही वेळा फुसका निघतो आणि काही वेळा झाड न उडता थेट बॉम्बसारखा फुटतो. लहानपणी भिवया घालवल्यात मी. आयडी उगाच नाही घेतला.

रसायनी_रहिवासी

अगदी तेच. फरक इतकाच की भुईनळ्याला आपण पाठ फिरवून पळतो.

निगडीकर

बापरे. हो, टाकाटाचाच आहे, जॉबकार्डवर तसं लिहिलंय. एक शंका, या गोष्टीला बहात्तर प्रतिसादांचं युद्ध नको, पण मग इतकी वर्षं गाडी नुसती उभी असताना किंवा खड्ड्यात आपटल्यावर का नाही फुटली? बाबा हेच विचारतायत.

रसायनी_रहिवासी

कारण ठिणगी पडल्याशिवाय काही होत नाही. एअरबॅग उघडायची वेळ आली तरच प्रश्न. म्हणून तेरा वर्षं चालली याने काही सिद्ध होत नाही, तेरा वर्षांत अपघात झाला नाही एवढंच सिद्ध होतं. वडिलांना सांगा, न उघडलेल्या छत्रीला भोक आहे की नाही हे ऊन असताना कळत नाही.

ओहायोकर

इथे अमेरिकेत या प्रकरणाने जो धुरळा उडाला तो आठवला. २००८ च्या नोव्हेंबरात होंडाने पहिल्यांदा रिकॉल केला तेव्हा जेमतेम चार हजार गाड्या होत्या. कोणी लक्षही दिलं नाही. मग आकडा वाढत वाढत गेला, शेवटी फक्त अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर. देशाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा रिकॉल. २५ हून जास्त मृत्यू आणि ४०० वर जखमी, हे फक्त इथले.

सरकारने देशाचे हवामानाप्रमाणे भाग पाडले, अ ब क म्हणा. फ्लोरिडा, टेक्सासचा किनारा, हवाई हे गरम-दमट म्हणून पहिला नंबर. आम्ही थंडीत कुडकुडणारे शेवटच्या भागात. माझ्या जुन्या गाडीचं पत्र आलं तर त्यात चक्क "पार्ट उपलब्ध झाल्यावर कळवू" असं लिहिलेलं. म्हणजे जीवाला धोका आहे, पण रांगेत थांबा. वर्षभर बायकोला मागे बसवून फिरलो, शेजाऱ्यांना वाटलं भांडण झालंय किंवा मी टॅक्सी चालवायला लागलो.

त्यातही २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि ॲक्युरा होत्या, त्यांच्याबद्दल २०१६ मध्ये सरकारी यंत्रणेने सांगितलं की चाचणीत इन्फ्लेटर फुटण्याचं प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत जातंय. छापा की काटा! त्या गाड्यांना सरळ चालवूच नका म्हणून सांगितलं. म्हणजे सगळे रिकॉल सारखे नसतात. निगडीकर, तुमच्या ॲडव्हायझरला एकच प्रश्न विचारा, "पार्ट येईपर्यंत चालवायची की नाही, हे कंपनीने काय सांगितलंय?" आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

अण्णा_सातारकर

अमेरिकेत कोर्टकचेऱ्या फार म्हणून रिकॉल फार. वकिलांची पोटं भरायची सोय.

ओहायोकर

अण्णा, कोर्टातच बाहेर आलं की टाकाटाने चाचण्यांचे आकडे फिरवून गाडी कंपन्यांना दाखवले होते. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला, एक अब्ज डॉलरचा दंड मान्य केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळं काढलं. चीनच्या मालकीच्या कंपनीने उरलंसुरलं विकत घेतलं, टाकाटा हे नावच गेलं. वकिलांची पोटं भरली असतील, पण ते नसते तर आपण आज बाबांसारखंच म्हणत बसलो असतो.

मुलुंडची_मुलगी

इथे आपल्याकडच्या पेपरांनी एक घोळ घातलेला आठवतोय. २०१७ मध्ये बातम्या होत्या, "होंडाने ४१,५८० गाड्या परत मागवल्या." आमच्या सोसायटीतले एक काका गाडी धुऊन पुसून, आरसीची झेरॉक्स, दोन्ही किल्ल्या घेऊन शोरूमला गेले, त्यांना वाटलं गाडी जमा करायची आणि पैसे किंवा नवी गाडी मिळणार. तिथल्या मुलीने सांगितलं काका तुमचं मॉडेल यादीत नाहीये, तर हे रागावून परत आले, "आमच्यावर अन्याय"! काकू तर गाडीचा निरोप घेऊन दृष्टसुद्धा काढून बसल्या होत्या.

जाता जाता, रिकॉलला मराठीत काय म्हणायचं? परत मागवणे म्हटलं की असंच वाटणार.

बोरूबहाद्दर

"दोषनिवारणार्थ पाचारण".

कोथरूडचा_कंदील

हे पत्र आलं तर मी कोर्टाचं समन्स समजून फरार होईन.

तात्या_टायर

माहेरपण म्हणा. गाडी चार दिवस माहेरी जाते, लाड करून घेते, परत येते.

मुलुंडची_मुलगी

माहेरपण फायनल. शब्दकोशात घाला.

सिडनीची_सई

वाचतेय. ऑस्ट्रेलियात हे फार गंभीरपणे घेतलं होतं. २०१७ मध्ये इथे सिडनीत एक मृत्यू झाला, त्यानंतर २०१८ मध्ये सरकारने रिकॉल सक्तीचा केला. गाडी कंपन्यांना मुदत दिली, २०२० च्या अखेरपर्यंत सगळ्या बदला. आम्हाला पत्रं, ईमेल, मेसेज, फोन, शेवटी एक माणूस दारात आला! नवरा म्हणाला, इतका पाठपुरावा तर माझ्या सासऱ्यांनी लग्नाच्या वेळी केला नव्हता. काही राज्यांत तर एअरबॅग बदलली नाही म्हणून गाडीचं रजिस्ट्रेशन अडवलं. आपल्याकडे पीयूसी नसली तर पावती फाडतात, मग इन्शुरन्स रिन्यू करताना "तुमचा रिकॉल बाकी आहे" एवढं दाखवायला काय हरकत आहे? चासी नंबर तर तिथे भरतोच आपण.

नीरजा_७९

सईला +१००. इन्शुरन्सवाले दर वर्षी बरोबर तारखेला फोन करतात, मालक बदलला तरी त्यांना नंबर सापडतो. कंपनीलाच तेवढा सापडत नाही.

ल्योंचा_लंबू

फ्रान्समध्ये हे अजून संपलेलं नाही. २०२५ च्या जूनमध्ये रँसमध्ये एका अपघातात टाकाटाच्या एअरबॅगने एक बाई गेल्या आणि सित्रोएनने जुन्या सी-३ आणि डीएस-३ सरसकट जागेवर उभ्या करायला सांगितल्या. चालवूच नका. माझ्या रूममेटची त्यातली एक. तो रोज खाली जाऊन तिला बघून येतो, तुरुंगात भेटायला गेल्यासारखा.

गॅरेजवाला_गणू

मी स्वतः गॅरेज चालवतो तर माझे दोन पैसे. वर सगळे केमिस्ट्रीवर बोलतायत पण सेकंडहँड गाडीत याच्यापेक्षा मोठी भानगड वेगळीच असते ती कोणी बोललं नाही. ॲक्सिडेंटमध्ये एअरबॅग उघडली की नवीन सेटचा खर्च लाखाच्या घरात जातो, मग काही लोक काय करतात तर एअरबॅग टाकतच नाहीत, नुसतं कव्हर शिवून चिकटवतात आणि आत रेझिस्टर लावतात म्हणजे कॉम्प्युटरला वाटतं बॅग आहे. लाईट पेटत नाही, गिऱ्हाईक खूश. अशा गाडीचा रिकॉल करायला गेलात तर आत रिकामं भांडं निघेल.

निगडीकर तुम्ही एवढं बघा की चावी ऑन केल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा, माणूस बसलाय आणि पुढे गोळा असं चित्र असतं, तो काही सेकंद लागून विझतो का. अजिबात लागलाच नाही तर बल्बच काढलाय, लागून राहिला तर बिघाड आहे. विझला म्हणजे सगळं ओरिजिनल आहे असं मात्र नाही हां, रेझिस्टरचं वर सांगितलंच. आणि कृपा करून यूट्यूब बघून स्वतः डॅशबोर्ड उघडू नका. एअरबॅगचे पिवळे कनेक्टर दिसले की हात मागे. आम्ही पण त्याला हात लावायच्या आधी बॅटरी काढून थांबतो. "वायर काढून टाकतो म्हणजे फुटणारच नाही" असं सांगणारे आमच्या लाईनीत भरपूर आहेत. त्यांचं ऐकू नका.

निगडीकर

गणूभाऊ, आत्ता खाली जाऊन बघून आलो. लाल दिवा लागला आणि विझला. पण खाली उभा राहून डॅशबोर्ड बघताना एक लक्षात आलं. डाव्या बाजूला जिथे एअरबॅग लिहिलेलं असतं ना, बरोब्बर त्या अक्षरांवर पहिल्या मालकांनी चिकटवलेली संगमरवरी गणपतीची मूर्ती आहे, आणि तिच्यापुढे आईने ठेवलेला पितळी उंदीर. तीन वर्षं रोज नमस्कार करतोय.

तात्या_टायर

=)) =))

रसायनी_रहिवासी

हे सगळ्यात आधी काढा. एअरबॅग चांगली असली तरी ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर येते, त्या झाकणावर जे काही असेल ते पहिलं समोरच्याच्या तोंडावर. देव, अत्तराची बाटली, मोबाईल स्टँड, काहीही. आणि पुढच्या सीटवर मांडीत मूल तर कधीच नाही.

बोरूबहाद्दर

विघ्नहर्त्यालाच विघ्नाच्या तोंडावर बसवलंय.

अण्णा_सातारकर

देवाची थट्टा नको.

भुईनळा_भाऊ

थट्टा नाही अण्णा, स्थलांतर. आमच्या गाडीतला मारुती मधल्या खणात बसतो, तिथूनही सगळं दिसतं त्याला.

पणजीचो_पात्राव

गोव्यातून लिहितो. माझ्या गाडीची एअरबॅग कंपनीने बोलावून बदलून दिली, चहा दिला, गाडी धुऊन दिली. मी खूश. तीन वर्षांनी परत फोन, परत या. म्हटलं का? तर म्हणे तेव्हा बसवलेलीपण त्याच जातीची होती, आता वेगळी बसवतो. मी विचारलं मग पहिल्यांदा काय फक्त तारीख बदलली? तो पोरगा हसला, बोलला नाही काही.

ओहायोकर

पात्राव, हे इथेही लाखो गाड्यांना झालं. सुरुवातीला दुसऱ्या जातीचे इन्फ्लेटर पुरेसे तयारच होत नव्हते, म्हणून जुन्याच प्रकारचे पण नवे कोरे बसवले, कारण खराब व्हायला काही वर्षं लागतात. तेवढी वर्षं विकत घेतली म्हणा. त्यामुळे "एकदा बदलून झालीये" म्हणून निश्चिंत बसलेल्यांनी चासी नंबर परत टाकून बघा.

वकीलसाहेबा

आता कायद्याचं थोडं. आपल्याकडे २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक रिकॉलची पद्धत होती, म्हणजे कंपनीची मर्जी. २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत ११०-अ कलम आलं, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू. आता ठराविक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. पण मेख अशी की हे सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. टाकाटाचं दुखणं वयाबरोबर वाढतं आणि आपला नियम वय वाढलं की हात झटकतो. निगडीकरांची गाडी तेरा वर्षांची, तिला या नियमाचा उपयोग नाही. कंपनीने स्वतः जाहीर केलेला रिकॉल मात्र मालक बदलला म्हणून संपत नाही, तो गाडीचा असतो, माणसाचा नाही. त्यामुळे "तुम्ही आला नाहीत" हे ऐकून घ्यायचं काही कारण नाही.

नीरजा_७९

दुसरा प्रश्न राहिलाच की, रिकॉल करणारी कंपनी वाईट की चांगली? मला वाटतं लोक उलटं धरतात. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या, जेमतेम महिन्याभरात बनलेल्या, आणि पार्ट बदलेपर्यंत चालवू नका असं स्वतःच सांगितलं. आमच्या ऑफिसात चेष्टा चेष्टा. पण महिनाभरात पकडलं आणि मान्य केलं, तेही बरंच म्हणायचं. टाकाटाच्या बाबतीत पहिल्या चार हजार गाड्यांपासून कोट्यवधींपर्यंत पोचायला किती वर्षं गेली ते वर आलंच आहे.

अण्णा_सातारकर

चूक करायचीच कशाला मुळात?

नीरजा_७९

अण्णा, पद्मिनीचा रिकॉल झाला नाही म्हणजे ती निर्दोष होती का?

अण्णा_सातारकर

पद्मिनीबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही.

(यानंतर पद्मिनी विरुद्ध अँबेसेडर असे अठरा प्रतिसाद झाले, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

कोकणी_काकू

अहो सगळे शहाणे, त्या मुलाने विचारलं काय आणि तुम्ही अँबेसेडरवर पोचलात. त्याच्या आईचं काय करायचं ते सांगा ना. गाडी नेलीच तर पुढची डावी सीट रिकामी ठेवायची, आईला मागे बसवायचं, मागेसुद्धा बेल्ट लावायचा, मागच्यांनी बेल्ट न लावण्याने काय होतं ते पालघरजवळ २०२२ ला सायरस मिस्त्रींच्या अपघातात सगळ्या देशाने बघितलं. उलटीला आलेपाक आणि आवळासुपारी, निघायच्या आदल्या रात्री तळकट खायचं नाही, उंब्रजला मिसळ तर मुळीच नाही, घाटात खिडकी उघडी. कोयनानगरला दहा मिनिटं थांबायचं.

रसायनी_रहिवासी

काकू, डावी सीट रिकामी ठेवली तर धोका बराच कमी होतो हे खरं, पण मला विचाराल तर दुसरी गाडी मिळत असेल तर ही नेऊच नये. गणपतीच्या गर्दीत, घाटात, पावसात. पार्ट आल्यावर पुढच्या वर्षी न्या.

गॅरेजवाला_गणू

सहमत. आणि बाकीच्या शहरांतल्या डीलरना पण फोन लावा, पार्ट कोणाकडे तरी पडलेला असतो.

निगडीकर

(सोळा दिवसांनंतर)

उशिरा लिहितोय, माफ करा. गावी नेटवर्क झाडावर चढल्यावर येतं.

ॲडव्हायझरला लेखी विचारलं. उत्तर आलं, "पार्ट उपलब्ध होईपर्यंत डाव्या पुढच्या सीटवर कोणी बसू नये ही विनंती." हे त्याने पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. ते वाचून बायको म्हणाली आता विषय संपला. साडूच्या गाडीत जागा नव्हती, भाड्याच्या गाडीचे गणपतीतले दर ऐकून बाबाच म्हणाले नको. शेवटी कंदीलभाऊंचं ऐकलं, एसटीने गेलो. आईला ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट मिळाली, कुंभार्लीत गप्पा मारत गेली, काही झालं नाही. उलटी बाबांना झाली. दोनदा. कोयनानगरच्या आधीच.

परवा पार्ट आला. दीड-दोन तासांचं काम. मी जुना इन्फ्लेटर बघायला मागितला, लांबूनच दाखवला, कंपनीला परत पाठवावा लागतो म्हणे. वीतभर लांबीची साधी स्टीलची नळकांडी, बाहेरून काही कळत नाही. गणपती आणि उंदीर घरात शोकेसमध्ये आले.

अजून एक. पहिल्या मालकांना रत्नागिरीला फोन केला, म्हटलं तुम्हाला रिकॉलचं काही पत्र आलं होतं का हो. म्हणाले, "आलं होतं की, तीन पत्रं आली. पंच करून तारीखवार फाईलला लावून ठेवलीत. तुम्हाला हवी असतील तर पोस्टाने पाठवतो, पण पोच कळवा."

वकीलसाहेबा

बँकवाले!

कोथरूडचा_कंदील

मी पहिल्याच पानावर सांगितलं होतं. माझा सत्कार नको, फक्त बाबांना नमस्कार सांगा.

अण्णा_सातारकर

त्यांना आलेपाक द्यायला हवा होता.

तात्या_टायर

सगळं झालं, पण निगडीकर, तुम्ही गाडी एसीसाठी टाकली होती ना? गार करतो का आता?

निगडीकर

नाही.